रब्बी, माउली आणि ‘सर, तू’

‘रब्बी’ हा शब्द मराठीत दोन वाटांनी आला. एक रब्बी शेतातला, खरिपामागून येणाऱ्या हिवाळी पिकांच्या हंगामाचा. तो अरबी-फारसीच्या वाटेने महसुली दप्तरात शिरला आणि तेथून बांधावर उतरला. दुसरा रब्बी बायबलच्या मराठी भाषांतरातला. यहुदी लोकांचा शास्त्री, गुरू, धर्मशिक्षक. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हां मंडळींसमोर हे दोन्ही रब्बी अधूनमधून एकाच बाकावर येऊन बसतात. कारण आमचे बहुतेक विद्यार्थी भातशेती करणाऱ्या घरांतले, आणि तलासरीकडच्या काही वारली घरांत मराठी बायबलही वाचले जाते. येशूला त्याचे शिष्य ‘रब्बी’ म्हणतात ते का, त्याचा हंगामाशी काय संबंध, हा प्रश्न आम्हांला एकापेक्षा अधिक वेळा विचारला गेला आहे. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही गुरूला हाक कशी मारावी या जुन्या आणि आमच्या नोकरीपुरत्या तरी जिव्हाळ्याच्या विषयापर्यंत येऊन पोहोचलो.

प्रथम व्युत्पत्ती. हंगामाचा रब्बी अरबीतल्या वसंतवाचक शब्दापासून आला आणि त्याचे मूळ ‘चार’ या संख्येच्या धातूशी जाते. धर्मगुरू रब्बीचा धातू वेगळा. हिब्रूत ‘रव’ म्हणजे पुष्कळ, मोठा, श्रेष्ठ; अरबीत परमेश्वराला ‘रब’ म्हणतात तो याच कुळातला. शेवटचा ईकार हा हिब्रूतला ‘माझा’ सांगणारा प्रत्यय. तेव्हा रब्बी म्हणजे ‘माझे श्रेष्ठ’, ‘माझे गुरुवर्य’. आपल्या ‘आचार्य’, ‘पंडित’, ‘शास्त्री’ या पदव्या त्या व्यक्तीच्या विद्येविषयी बोलतात. ‘रब्बी’ हा शब्द निदान जन्मतः तरी बोलणाऱ्याच्या आणि गुरूच्या नात्याविषयी बोलतो. तो उच्चारायला समोर एक शिष्य असावा लागतो. पुढे हा ‘माझे’ झिजला, शब्द पदवाचक झाला आणि कुणीही कुणालाही रब्बी म्हणू लागला. पण व्याकरणात तो ईकार आजही तसाच आहे.

यहुदी परंपरेत या एका धातूपासून पदव्यांचे मोठे कुटुंब तयार झाले. पॅलेस्टाइनमध्ये ज्याला विधिपूर्वक गुरुपद दिले गेले तो रब्बी. बाबिलोनच्या विद्यापीठांतले पंडित विद्वत्तेत कुणाला हार जाणारे नव्हते. पण हा विधी इस्राएलच्या भूमीबाहेर करता येत नसे, म्हणून त्यांना नुसते ‘रव’ म्हणत. विद्वत्सभेच्या प्रमुखाला ‘रब्बान’, म्हणजे ‘आमचे गुरू’, ही पदवी मिळे. पुढे सूरा आणि पुंबेदिता येथील विद्यापीठांच्या प्रमुखांना ‘गाओन’ म्हणू लागले. स्पेन आणि अरब देशांतल्या ज्यूंनी ‘हाखाम’, म्हणजे ज्ञानी, हा शब्द जवळ केला. पूर्व युरोपातल्या हसिदी पंथाने आपल्या गुरूला ‘रेब्बे’ म्हटले, आणि त्याच भागात ‘रेब’ हा शब्द इतका स्वस्त झाला की तो आपल्या ‘राव’सारखा कुणाही गृहस्थाच्या नावामागे लागू लागला. पदव्यांची ही घसरण आपल्याला परकी नाही. आपल्याकडे ‘महाराज’ स्वयंपाकघरात गेले, ‘बुवा’ टिंगलीत गेले आणि ‘बाई’ या एकाच शब्दात शाळेतल्या शिक्षिका आणि धुणेभांडी करणारी स्त्री दोघी राहू लागल्या.

याच कुटुंबात एक विलक्षण उतरंड सांगितलेली आहे. दहाव्या शतकातले बाबिलोनचे शेरिरा गाओन यांच्या प्रसिद्ध पत्रातही ती येते. तिचा आशय असा, की रवपेक्षा रब्बी मोठा, रब्बीपेक्षा रब्बान मोठा, आणि रब्बानपेक्षा मोठे म्हणजे नुसते नाव. हिल्लेल आणि शम्माय हे यहुदी धर्मशास्त्राचे दोन आधारस्तंभ. त्यांच्या नावामागे कोणतीच पदवी नाही. इतिहासकार म्हणतील की त्यात नवल कसले, इ. स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर पडल्यानंतरच्या पिढ्यांत या पदव्या रूढ झाल्या आणि हे दोघे त्याआधीचे. ते खरेच आहे. परंतु परंपरेने या कालक्रमाचा जो अर्थ लावला तो आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. पदवी नसण्याला तिने उणीव मानले नाही.

येथे एक अडचण उभी राहते. याच यहुदी धर्मशास्त्रात शिष्याने गुरूला त्याच्या नावाने हाक मारू नये असा दंडक आहे. मग नाव हे सर्वांत मोठे कसे आणि निषिद्धही कसे? आम्हांला असे वाटते की हे दोन नियम दोन वेगळ्या माणसांसाठी आहेत. जो समोर बसून शिकतो त्याला पदवी हवी असते, कारण त्याला आपले नाते सांगायचे असते. जो शेकडो वर्षांनी वाचतो त्याला नाव पुरते. मराठीच्या अभ्यासकाला हे समजावून सांगायला नको. वारकरी ज्ञानेश्वरांना ‘माउली’ म्हणतो, आम्ही वर्गात ‘ज्ञानेश्वर म्हणतात’ म्हणतो, आणि कालिदास मात्र केव्हाच ‘म्हणतो’ झालेला आहे. कालिदासाचा हा एकेरी उल्लेख कुणालाही अनादर वाटत नाही. तुकारामाच्या बाबतीत तर एकाच लेखात ‘तुकोबा’, ‘तुकाराम महाराज’ आणि ‘तुकाराम म्हणतो’ हे तिन्ही सुखाने नांदतात. महानुभावांनी चक्रधरांना ‘सर्वज्ञ’ म्हटले आणि त्यांच्या शिष्यांच्या नावांना ‘आइसा’ जोडून महदंबेची महदाइसा केली. नाव आणि आदर एकजीव झाले. यहुदींनीही असेच काही केले. राशी, रंबाम ही त्यांच्या मोठ्या भाष्यकारांची नावे आद्याक्षरांपासून बनलेली आहेत; आपल्या ‘पुलं’, ‘गदिमा’ यांच्या जातीची. फरक एवढाच की त्यांतला पहिला ‘र’ हा रब्बीचा आहे.

या साऱ्यांच्या वर मोशे. इजिप्तच्या दास्यातून लोकांना सोडवणारा, परमेश्वराकडून नियमशास्त्र आणणारा. त्याला राजा, सेनापती, मुक्तिदाता काहीही म्हणता आले असते. परंपरेने त्याच्यासाठी निवडलेले संबोधन आहे ‘मोशे रब्बेनू’, आमचे गुरुजी मोशे. हा शब्द वाचला की प्रत्येक वेळी आमची मान किंचित ताठ होते. शिक्षकी पेशाची अशी बूज आम्हांला दुसरीकडे क्वचितच आढळली.

*

हे सर्व दूरदेशीचे वाटत असेल तर वाचकांनी रायगडाच्या किनाऱ्यावर यावे. अलिबाग, पेण, रोहे, मुरुड या भागांतल्या गावांत शतकानुशतके मराठी बोलणारे ज्यू राहत आले. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणवीत. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. आडनावे किहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, भाषा मराठी, आणि रब्बी एकही नाही. पिढ्यान्‌पिढ्या नाही. हिब्रू विसरली गेली, पोथ्या उरल्या नाहीत. उरले ते शब्बाथ, सुंता, ‘शेमा’ ही एक प्रार्थना आणि माशांची पारख. त्यांच्यात सांगितली जाणारी कथा अशी, की दावीद राहाबी नावाचा एक परदेशी ज्यू कोकणात आला. त्याने स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि त्यांनी पंख व खवले असलेले मासेच वेगळे काढले. तेवढ्यावरून त्याला आपली माणसे ओळखू आली. समुद्राकाठच्या आमच्या वाचकांना ही परीक्षा किती अस्सल आहे हे कळेल.

या राहाबीने झिराड, शापूर आणि राजपूर या गावांवरून आडनावे पडलेल्या तीन घराण्यांतले तिघे निवडून त्यांना धर्म शिकवला. परंपरा सांगते की ते तिघे समाजाचे पहिले धर्मशिक्षक झाले आणि तंटेही तेच सोडवू लागले. त्यांना लोकांनी कोणती पदवी दिली? ‘काजी’. शब्द मुसलमानी अमलातला, शेजारच्या गावकऱ्याला कळणारा. पुढे सिनेगॉगे उभी राहिली. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, यांनी १७९६ साली मुंबईच्या मांडवी भागात पहिले बांधले. ठाण्याचे १८७९ चे. आमचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाण्यातच होता, त्यामुळे ठाण्याचे सिनेगॉग हे तोवर आमच्याच जिल्ह्यातले होते. या सिनेगॉगांच्या कारभाऱ्यांची नावे ऐकावीत : मुकादम, चौगुले, गब्बाय, हजान. पहिली दोन गावगाड्यातली, पुढची दोन हिब्रूतली. प्रार्थना चालवणारा तो हजान. तो पुष्कळदा कोचीनहून किंवा येमेनहून आलेला असे. रब्बीची खुर्ची रिकामी होती आणि तिच्याभोवती सारा व्यवहार नीट चालला होता.

ती खुर्ची कुणी भरून काढली असेल तर शाळामास्तरांनी. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. त्याचा हेतू काहीही असो, बेने इस्राएलांनी त्या संधीचा उपयोग आपला धर्म पुन्हा वाचण्यासाठी केला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी मुंबईत डेव्हिड ससून यांच्या संस्थेच्या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळता सांभाळता हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली इस्राएली मुलांसाठी शाळा काढण्यात पुढाकार घेतला आणि समाजाचा इतिहास लिहिला. तो छापला गेला १९३७ साली, त्यांच्या पश्चात, तेल अवीवमध्ये. त्याच शाळेच्या प्राचार्य पुढे रिबेका रूबेन झाल्या. यांच्यापैकी कुणालाही रब्बी म्हटले गेले नाही. विसाव्या शतकात याच समाजातून निस्सीम इझिकेल आले, आयुष्यभर इंग्रजीचे अध्यापन केले, आणि त्यांच्याकडे कविता घेऊन जाणाऱ्या तरुणांच्या बोलण्यात ते ‘निस्सीम’ एवढेच राहिले. हिल्लेलच्या उतरंडीत हे कोठे बसते ते वाचकांनी ठरवावे.

आणि मग १९६२. इस्राएलचे राज्य स्थापन झाल्यावर हजारो बेने इस्राएल तिकडे गेले होते. त्या वर्षी तेथील मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना निर्देश दिले, की बेने इस्राएल वधू वा वर असेल तर त्याच्या पूर्वजांची जितकी मागे नेता येईल तितकी चौकशी करावी. कारण काय, तर या लोकांत शतकानुशतके रब्बी नव्हते. यांचे विवाह, यांचे घटस्फोट शास्त्रशुद्ध झाले असतील कशावरून? किहीम-नवगावच्या माणसांनी गुरूवाचून जे जपले तेच संशयाचे कारण ठरले. लोकांनी धरणे धरले, आंदोलन केले. १९६४ साली इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत असे जाहीर केले आणि निर्देशांतून त्यांचे नाव वगळावे लागले. या प्रकरणाविषयी वाचताना आमच्या मनात प्रत्येक वेळी तो ईकार येतो. ‘माझे गुरू’ या अर्थाची पदवी धारण करणाऱ्यांनी समोरच्याला विचारले होते, की तू आमचा कशावरून?

*

आता डहाणू-तलासरी. येथे नव्याने रुजू झालेला पुण्या-नाशिककडचा प्राध्यापक पहिल्याच आठवड्यात चमकतो. एखादा वारली मुलगा दारात उभा राहून अत्यंत मनापासून विचारतो, ‘सर, तू काल नाय आला?’ वारली बोलीत मोठ्यांना ‘तुम्ही’ म्हणण्याचा रिवाज नाही. आजोबा, भगत, पाटील, सारे ‘तू’च. ‘सर’ या शब्दातला आदर त्याने शाळेत शिकलेला असतो आणि ‘तू’मधली जवळीक घरून आणलेली असते. दोन्ही एका वाक्यात आली की प्रमाण मराठीचा कान दुखावतो.

आम्ही अशा वेळी नव्या सहकाऱ्यांना हिब्रूचा दाखला देतो. हिब्रूतही आदरार्थी बहुवचन नाही. परमेश्वराला ‘तू’, राजाला ‘तू’, भाजीवाल्यालाही ‘तू’. अशा भाषेत आदर सर्वनामात बसू शकला नाही, म्हणून तो पदव्यांत, नाव न उच्चारण्यात, गुरूशी तृतीयपुरुषी बोलण्यात जाऊन बसला. आदर कोठेतरी बसतोच. प्रत्येक भाषेत त्याची जागा वेगळी. आणि प्रमाण मराठीचे तरी काय? आपण वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतो, आईला ‘तू’. विठ्ठलाला ‘तू’. म्हणजे जिच्यावर सर्वांत जास्त हक्क तिला एकेरी, हा नियम आपल्याच घरात आहे. ज्ञानेश्वरांना ‘माउली’ म्हणताना वारकरी त्यांना याच एकेरीच्या अंतरावर आणतो. शेजारच्या गुजरातेत गिजुभाई बधेकांना ‘मूछाळी मा’, मिशांची आई, म्हणत. त्यांच्यासह भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली आमच्या बोर्डीला आल्या आणि १९५७ साली त्यांचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, गुरे चारणाऱ्यांसाठी कुरणात न्यावी, असा तो प्रयोग. त्यांच्यासोबत अनुताई वाघ. सरकारने ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण दिले, अनुताईंना १९८४ साली पद्मश्री. त्या पदव्या आज नावामागे लावून कुणी बोलत नाही. ‘ताई’ मात्र उरले, आणि पाड्यापाड्यावरच्या अंगणवाडीताईंपर्यंत पोहोचले. वाटल्याने हलकी न झालेली अशी पदवी आम्हांला दुसरी आठवत नाही.

गोदावरी परुळेकरही ‘गोदूताई’च. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांनी वेठबिगार नाकारली. सावकार-जमीनदारांना ‘शेठ’ म्हणावे लागे ते भीतीपोटी. गोदूताईंना ‘ताई’ म्हणायला कुणी भाग पाडले नव्हते. वारल्यांच्या लग्नात धवलेरीवाचून लग्न लागत नाही. ती गाणी म्हणते, विधी तीच चालवते. तिच्याकडे कोणत्याही पीठाचे प्रमाणपत्र नाही. महदंबेचे धवळे शिकवताना आम्ही धवलेरीचे नाव घेतो, तेव्हा मागच्या बाकावरची मुले प्रथमच मान वर करतात. सातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथनामातला शब्द त्यांच्या घरच्या मांडवात अजून कामावर आहे.

हे सारे सांगण्याचे कारण केवळ कौतुक नव्हे. काही वर्षांपूर्वी आमचा एक वारली विद्यार्थी, एम. ए.ला उत्तम गुण मिळवलेला, एका शिक्षणसंस्थेत मुलाखतीला गेला. प्रश्नांची उत्तरे त्याने चांगली दिली असे तो सांगत होता. शेवटी, ‘तुम्हांला काही विचारायचे आहे का?’ असे म्हटल्यावर मन मोकळे होऊन त्याने अध्यक्षांना विचारले, ‘सर, तू कुठला?’ समितीत हशा पिकला. नोकरी मिळाली नाही. कारण तेच होते असे आम्ही म्हणू शकत नाही. पण परत आल्यावर तो आमच्याशी ‘आपण’ म्हणून बोलू लागला. ‘आपण केव्हा आलात? आपली प्रकृती कशी आहे?’ वाक्ये निर्दोष होती. फक्त ती दोनतीनच असत. त्यानंतर तो गप्प राही. पूर्वी तो तासन्‌तास बोलायचा.

आम्ही व्याकरण शिकवतो. ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ शिकवल्यावाचून या मुलांना बाहेरच्या जगात पाठवणे हा त्यांच्यावर अन्याय होईल, हे आम्हांला कळते. म्हणून पहिल्या वर्षी आम्ही त्याचे दोन तास घेतो आणि स्पष्ट सांगतो, की ही मुलाखतीची, अर्जाची, कार्यालयाची भाषा आहे. ती यायलाच हवी. तिच्याअभावी तुमचा आदर कमी ठरतो असे मात्र समजू नका. वर्गात कुणी ‘सर, तू’ म्हटले तर आम्ही वाक्य दुरुस्त करत नाही, प्रश्नाचे उत्तर देतो.

सहकाऱ्यांपैकी काहींना ही आमची सूट मान्य नाही. शिस्त सुटते, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नाहीच असे नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे. दारावरच्या पाट्यांवरचे ‘प्रा.’ आणि ‘डॉ.’ विद्यापीठाने दिले आहेत आणि ते निवृत्तीनंतर पाटीबरोबर उतरतील. रब्बीतला तो शेवटचा ईकार कोणतेही विद्यापीठ देत नाही. तो द्यायचा की नाही हे समोरचा मुलगा ठरवतो, आणि ते त्याच्या स्वतःच्या बोलीत ठरवतो.